गेलेल्याचें उरलेलें

न्यायशास्त्रज्ञांनीं अभावाचे जे प्रकार मानिले आहेत, त्यांतील दोन प्रकारांच्या भेदाकडे व्यवहारी मनुष्याचें लक्ष सहसा जात नाहीं. घडा घडविला जाण्यापूर्वीं त्याचें जें नसणें असतें त्यास ते प्रागभाव म्हणतात; आणि घडा फुटल्यानंतर जें नसणें येतें त्यास प्रध्वंसाभाव म्हणतात. पहिल्या नसण्यास आरंभ नाहीं, परंतु शेवट आहे. कारण घडा तयार होतांच तें संपतें. दुसऱ्यास आरंभ आहे, परंतु शेवट नाहीं. कारण फुटला तोच घडा पुन्हां कधींहि उत्पन्न होत नाहीं. प्रथमदर्शनीं हा भेद केवळ पंडितांच्या वादाकरितां निर्माण केलेला वाटतो. घडा नाहीं तो नाहीं. मग तो अजून झाला नाहीं म्हणून नाहीं, कीं होऊन फुटला म्हणून नाहीं, यानें काय फरक पडतो? परंतु ज्याला अंगण झाडावें लागतें त्याला हा प्रश्न विचारून पाहावा. घडा घडविण्यापूर्वीं अंगणांत खापऱ्या नव्हत्या. तो फुटल्यानंतर त्या आहेत, आणि अनवाणी चालणाऱ्याच्या पायांत त्या शिरतात.

हा जुना भेद आज नव्यानें विचारांत घ्यावा असें वाटण्यास एक अगदीं आधुनिक आणि वरकरणीं क्षुल्लक कारण आहे. ज्या घरांत संगणक आहे त्या घरांतील पुष्कळांस हा अनुभव आलेला असेल. काल-परवांपर्यंत बोलणारा संगणक एकाएकीं मुका होतो. पडद्यावर चित्र हलतें, ध्वनीची पातळी दाखविणारी रेघ वरखालीं नाचते, स्पीकरची तार जागच्या जागीं असते. परंतु कानांवर कांहीं येत नाहीं. कधीं आवाज येतो तो तोंडावर उशी दाबून धरल्यासारखा येतो. स्पीकर बदलून पाहतात, दुकानदारास दाखवितात, आणि शेवटीं असें निष्पन्न होतें कीं, यंत्रांत मोडलेलें कांहींच नाहीं. कांहीं महिन्यांपूर्वीं ध्वनीसंबंधीं एखादें सॉफ्टवेअर घेतलें होतें. तें नको झालें म्हणून काढून टाकिलें. तें गेलें, पण त्याचें कांहीं तरी मागें राहिलें, आणि जें राहिलें तेंच आतां आवाज अडवून बसलें आहे.

हें कसें घडतें तें समजून घेतल्यावांचून त्यांतील नीतीचा प्रश्न नीट कळणार नाहीं. संगणकांतील ध्वनि सरळ स्पीकरपर्यंत पोहोंचत नाहीं. गाणें वाजविणारा प्रोग्राम तो विंडोजसारख्या मूळ व्यवस्थेच्या स्वाधीन करतो. ती व्यवस्था निरनिराळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळते. वाटेंत त्यावर संस्कार करणारीं लहान लहान साधनें बसलेलीं असतात, त्यांतील कोणी खर्ज वाढवितें, कोणी गोंगाट गाळतें. आणि अखेरीस ड्रायव्हर नांवाचा दुभाषा तो ध्वनि प्रत्यक्ष यंत्राच्या भाषेंत सांगतो. ध्वनीचें सॉफ्टवेअर याच वाटेवर आपलें ठाणें देतें. कित्येक तर एक खोटा स्पीकरच उभा करतात. 'व्हर्च्युअल केबल' या नांवानें ओळखला जाणारा हा प्रकार मोठा चतुर आहे. मूळ व्यवस्थेला तो खरा स्पीकर भासतो. ती त्याच्या हवालीं आवाज करते, आणि तो मात्र आवाज बाहेर न सोडतां दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामाच्या कानांत नेऊन घालतो. व्याख्यान मुद्रित करणाऱ्यास किंवा दूरच्या शिष्यांना शिकविणाऱ्या गायनशिक्षकास ही सोय फार उपयोगी पडते. मॅक संगणकांवर वापरल्या जाणाऱ्या अशाच एका साधनाचें नांव 'ब्लॅकहोल', म्हणजे कृष्णविवर, असें आहे. आणि पलीकडे ऐकणारा प्रोग्राम निघून गेल्यावर अशा साधनाचें वर्तन त्या नांवास शोभेसेंच असतें. आवाज त्यांत जातो आणि परत येत नाहीं.

यावरील उपाय कठीण नाहींत. मात्र त्यांना क्रम आहे. प्रथम ध्वनीच्या सेटिंग्जमध्यें जाऊन आवाज कोणत्या साधनाकडे पाठविला जात आहे तें पाहावें. पुष्कळदां तेथें खऱ्या स्पीकरच्या जागीं त्या गेलेल्या पाहुण्याचेंच नांव आढळतें. खरा स्पीकर निवडला कीं बहुधा आवाज परत येतो. न आल्यास त्याच स्पीकरच्या सेटिंग्जमधील 'एन्हान्समेंट्स' बंद करून पाहाव्या. वाटेंत अर्धवट उरलेलें एखादें संस्कार करणारें साधन असल्यास तें त्यायोगें बाजूस होतें. तेवढ्यानेंहि न भागल्यास डिव्हाइस मॅनेजर उघडून लपलेलीं साधनें दाखविण्याची आज्ञा द्यावी. त्या वेळीं जें दिसतें तें विचार करावयास लावणारें आहे. जीं साधनें केव्हांच निघून गेलीं असें आपण समजत होतों, त्यांचीं चिन्हें फिकट रंगांत एकामागून एक उभीं राहतात. पतंजलीनें क्लेशांच्या अवस्था सांगतांना 'प्रसुप्त' म्हणून एक अवस्था सांगितली आहे. क्लेश वर दिसत नाहीं, पण बीजरूपानें असतो आणि निमित्त मिळतांच जागा होतो. या फिकट चिन्हांना तें विशेषण तंतोतंत लागू पडतें. त्यांतील नको असलेलें साधन काढतांना ड्रायव्हरहि काढून टाकण्याविषयींची जी चौकट पुढें येते तींत खूण करणें अवश्य असतें. कारण ड्रायव्हरची प्रत विंडोज आपल्या कोठारांत जपून ठेवितें, आणि ती तेथें असेपर्यंत तें साधन पुन्हां उभें राहूं शकतें. मॅकवर प्रोग्राम कचऱ्याच्या टोपलींत टाकिला म्हणजे सर्व संपलें असें वाटतें. परंतु ध्वनीचें साधन 'लायब्ररी', त्यांतील 'ऑडिओ', त्यांतील 'प्लग-इन्स' आणि त्यांतील 'एचएएल' अशा आंतल्या कप्प्यांत स्वतंत्र बसलेलें असतें. तें तेथून वेगळें काढून संगणक पुन्हां सुरू करावा लागतो.

येथपर्यंतची गोष्ट कारागिराची झाली. परंतु कारागिराचें काम जेथें संपतें तेथें दुसरा एक प्रश्न उभा राहतो. 'काढून टाकणें' म्हणजे काय, आणि तें पुरें झालें असें म्हणण्याचा अधिकार कोणास? सॉफ्टवेअर संगणकांत येतें तेव्हां मोठ्या समारंभानें येतें. परवानगी मागतें, करारपत्र पुढें करतें, किती काम झालें हें पावलोपावलीं दाखवितें. जातांना मात्र 'काढण्याचें काम यशस्वी झालें' एवढें एकच वाक्य बोलून जातें. वापरणारा त्या वाक्याचा अर्थ असा घेतो कीं, हें येण्यापूर्वीं माझा संगणक जसा होता तसा आतां झाला. वाक्य लिहिणाऱ्याच्या मनांतील अर्थ एवढाच असतो कीं, मुख्य वस्तु आतां येथें नाहीं. वापरणारा प्रागभाव मागतो आणि त्यास प्रध्वंसाभाव मिळतो. दोहोंस शब्द एकच असल्यामुळें देण्याघेण्यांतील ही तफावत कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं.

एवढ्याशा गोष्टीचा इतका विचार कशाला, असें कोणी म्हणेल. गाणें ऐकूं आलें नाहीं, तर एक संध्याकाळ सुनी गेली इतकेंच! परंतु मागें राहिलेली खापरी कोणाच्या पायांत शिरेल हें आधीं सांगतां येत नाहीं. आमच्या महाविद्यालयांत एक अंध विद्यार्थी आहे. ग्रंथालयांतील संगणक तो एनव्हीडीए या साधनाच्या साहाय्यानें वापरतो. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारें हें विनामूल्य साधन तयार करण्याचें काम २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या, स्वतः अंध असलेल्या, तरुणानें आरंभिलें. एके दिवशीं कोणा अध्यापकानें व्याख्यान मुद्रित करण्यासाठीं त्या संगणकावर खोट्या स्पीकरचें सॉफ्टवेअर घातलें, आणि काम होतांच आठवणीनें काढूनहि टाकिलें. दुसऱ्या दिवशीं हा विद्यार्थी येऊन बसला तों संगणक त्याच्याशीं बोलेना. तेथील कारकुनानें पडद्याकडे पाहून सांगितलें कीं, यंत्र उत्तम चाललें आहे. आणि त्याच्या दृष्टीनें तें खरेंच होतें. डोळसाचा आवाज गेला म्हणजे त्याची एक सोय जाते. अंधाचा आवाज गेला म्हणजे त्याचा पडदा जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे दोष शोधण्याचें साधनहि त्याच दोषाबरोबर जातें. खरा स्पीकर यादींतून निवडावा म्हटलें, तर ती यादी त्याला वाचून कोण दाखविणार? एका सहाध्यायानें तो निवडून दिला; परंतु दुसऱ्या दिवशीं यंत्र सुरू केल्यावर पुन्हां तेंच मौन. शेवटीं तें प्रसुप्त साधन ड्रायव्हरसह काढून टाकिल्यावर प्रकरण मिटलें. परीक्षेच्या आधींच्या आठवड्यांतील तीन दिवस मात्र त्यांत गेले.

या प्रसंगांत दोषी कोणाला म्हणावें? अध्यापकानें जें काढावयास पाहिजे तें काढलें होतें. कारकून खोटें बोलला नव्हता. ज्याचे तीन दिवस गेले त्यानें तर त्या पाहुण्यास बोलाविलें नव्हतें, वापरलें नव्हतें आणि घालविलेंहि नव्हतें. मालकानें करारपत्रास संमति दिली होती, असें म्हणून सॉफ्टवेअरचा कर्ता मोकळा होऊं पाहील. परंतु येण्यास दिलेली संमति म्हणजे गेल्यावर मागें राहण्यास दिलेली संमति नव्हे, आणि एकानें दिलेली संमति दुसऱ्याच्या पायांस बांधतां येत नाहीं.

तथापि कर्त्याच्या बाजूनें जें म्हणण्यासारखें आहे तें न म्हणणें अन्यायाचें होईल. मागें राहिलेलें सगळेंच आळसानें राहतें असें नाहीं. विंडोजमध्यें अनेक प्रोग्राम एकाच फाइलचा सामाईक उपयोग करतात. निघणाऱ्यानें आपण आणलेली प्रत्येक वस्तु बरोबर नेली, तर जिचा उपयोग शेजारी करीत आहे अशी वस्तुहि जाईल आणि शेजाऱ्याचें घर कोसळेल. ज्यांनीं जुनें विंडोज वापरलें आहे त्यांना आठवत असेल कीं, कांहीं काढतांना 'ही सामाईक फाइल आतां कोणी वापरीत नाहींसें दिसतें, काढावी काय?' अशा अर्थाचा प्रश्न येई, आणि वापरणारा घाबरून 'नको' म्हणे. अशा वेळीं मागें ठेवणें हा आळस नसून पापभीरुता असते. म्हणून शेष ठेवणारा प्रत्येक जण अपराधी, असा सिद्धान्त आपणांस मांडतां येणार नाहीं. शेष किती राहिलें यापेक्षां तें सांगून ठेविलें कीं लपवून ठेविलें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

लपवून ठेविल्यानें काय होतें याचें एक उदाहरण संगणकाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे, आणि तें ध्वनीच्याच प्रांतांतलें आहे. २००५ सालच्या ३१ ऑक्टोबर रोजीं मार्क रुसिनोविच या अमेरिकन तज्ज्ञानें असें उघडकीस आणलें कीं, सोनी बीएमजी या संगीतकंपनीच्या कांहीं तबकड्या संगणकावर वाजवूं गेल्यास, गाण्याच्या नकला होऊं नयेत म्हणून एक सॉफ्टवेअर संगणकांत शिरून बसतें आणि आपल्या फाइली मालकाच्या नजरेपासून झांकून ठेवितें. तें काढण्याची कोणतीहि सोय त्यास आढळली नाहीं. त्यानें आपल्या कौशल्यानें त्याचे ड्रायव्हर हातांनीं काढले, तेव्हां तबकडी वाचणारें यंत्रच संगणकास दिसेनासें झालें. कारण त्या यंत्राच्या वाटेवर हें सॉफ्टवेअर असें बसलें होतें कीं, तें उपटतांच वाटहि तुटावी. पुढें ओरड झाल्यावर कंपनीनें तें काढण्याचें जें साधन दिलें, त्यानें परक्यास आंत शिरण्यास नवेंच भगदाड पाडलें, असें प्रिन्स्टन विद्यापीठांतील फेल्टन व हाल्डरमन या दोघांनीं त्याच नोव्हेंबरांत दाखवून दिलें. त्याच महिन्यांत कंपनीस त्या तबकड्या बाजारांतून परत घ्याव्या लागल्या.

या प्रकरणाचा शेवट मला आरंभापेक्षां अधिक मननीय वाटतो. २००७ च्या जानेवारींत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशीं त्या कंपनीचा जो समेट झाला, त्यांत असें एक कलम होतें कीं, हें सॉफ्टवेअर काढूं जातांना ज्यांच्या संगणकास इजा झाली त्यांस दुरुस्तीखातर १५० डॉलरपर्यंत भरपाई द्यावी. वरवर पाहतां ही इजा मालकानें आपल्याच हातानें करून घेतलेली होती. तरीहि तिची जोखीम काढणाऱ्यावर न टाकतां बसविणाऱ्यावर टाकली गेली. यांत नीतीचें एक तत्त्व आहे. ज्यानें वस्तु अशी रोवली कीं ती उपटतांना जमीन फाटावी, तो 'तुम्हींच उपटली' असें म्हणून सुटूं शकत नाहीं. प्रवेश करणाऱ्याच्या कर्तव्यांतच निर्गमनाचें कर्तव्य अंतर्भूत आहे. तें निघण्याच्या वेळीं सुरू होत नाहीं, येण्याच्या वेळींच सुरू होतें.

येणाऱ्यास जसें कर्तव्य आहे तसें झाडणाऱ्यासहि आहे, आणि त्याच्या हातून होणारे प्रमाद कमी भयंकर नसतात. शेष दिसूं लागलें म्हणजे मनुष्यास एक प्रकारचा आवेश चढतो. जें जें अनोळखी तें तें उपटून टाकावें असें त्यास वाटूं लागतें. तबकड्यांवर मुद्रण करणारीं सॉफ्टवेअरें निघून गेल्यावर तबकडीचें यंत्र दिसेनासें होई, त्या दिवसांत मायक्रोसॉफ्टनेंच एक उपाय सांगितला होता: रजिस्ट्रींत त्या यंत्राच्या वाटेवरील 'अपर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' या दोन्ही नोंदी पुसून टाकाव्या. यंत्र परत दिसूं लागे. परंतु त्याच नोंदींवर अवलंबून असलेलें दुसरें, निरपराध सॉफ्टवेअर बंद पडे आणि तें पुन्हां घालावें लागे. २००० सालच्या विंडोज मिलेनियम आवृत्तीपासून 'सिस्टिम रिस्टोअर' नांवाची जी सोय मिळाली, ती तर साक्षात् प्रागभाव परत देण्याचाच प्रयत्न होय. अमुक दिवशीं संगणक जसा होता तसा तो पुन्हां करावयाचा. परंतु त्या दिवसानंतर जीं चांगलीं सॉफ्टवेअरें आणि ड्रायव्हर आले, तेहि वाईटाबरोबर जातात. भूतकाळाचा असा एकच धागा ओढून काढतां येत नाहीं. त्याच्याबरोबर विणलेलें पुष्कळ कांहीं येतें. आणि सर्व पुसून कोरी पाटी करणें, हा उपाय अगदीं खात्रीचा असला, तरी डोकें दुखतें म्हणून डोकें उतरविण्यासारखा तो शेवटचाच उपाय समजला पाहिजे. म्हणूनच वर सांगितलेल्या उपायांचा क्रम हा केवळ सोयीचा नसून विवेकाचा आहे: आधीं निवड बदलून पाहावी, मग बंद करून पाहावें, मग ओळख पटवून एकच वस्तु काढावी, आणि काढण्यापूर्वीं तिचें नांव लिहून ठेवावें.

मग निघून जाणाऱ्याकडून आपण न्यायानें काय मागावें? 'मी कधीं आलोंच नव्हतों' अशी स्थिति तो देऊं शकत नाहीं. ती मागणें म्हणजे फुटलेल्या घड्याकडे मातीचा गोळा परत मागण्यासारखें आहे. परंतु हिशेब मात्र तो देऊं शकतो. सरकारी कचेरींत अधिकाऱ्याची बदली होते तेव्हां तो चार्ज दिल्यावांचून जात नाहीं. तिजोरींत किती शिल्लक आहे, कोणतीं कागदपत्रें अपुरीं आहेत, कोणत्या किल्ल्या कोणाकडे आहेत, याची यादी करून तो व त्याच्या जागीं येणारा असे दोघेहि सह्या करतात. त्याच्या कारकीर्दींतील सर्व भानगडी त्या यादीनें मिटत नाहींत. पण पुढच्याला अंधारांत चांचपडावें लागत नाहीं. सॉफ्टवेअरनें जातांना 'काम यशस्वी झालें' या ऐवजीं 'अमुक साधन, अमुक ड्रायव्हर आणि अमुक नोंद मीं या कारणास्तव मागें ठेविली आहे. नको असल्यास ती अशी काढावी. आणि आवाजाची दिशा मीं पुन्हां तुमच्या स्पीकरकडे वळविली आहे' एवढें सांगितलें, तर वरील विद्यार्थ्याचे तीन दिवस वांचले असते. हें करणें कर्त्यास कठीण नाहीं. येतांना आपण काय काय बदललें हें त्याला ठाऊकच असतें.

हें तत्त्व यंत्रापुरतेंच आहे असें मला वाटत नाहीं. मनुष्यें घरांतून, नोकरींतून, संस्थेंतून, कधीं कधीं एकमेकांच्या आयुष्यांतूनहि निघून जातात. 'मी आतां तेथें नाहीं' असें म्हटलें कीं जबाबदारी संपली, अशी त्यांची समजूत असते. पण त्यांनीं लावून दिलेल्या संवयी, अर्धवट दिलेलीं वचनें आणि त्यांच्या भरंवशावर दुसऱ्यांनीं वळविलेल्या वाटा तेथेंच असतात. आणि ज्यांचा त्या येण्याजाण्याशीं कांहीं संबंध नव्हता अशांचा आवाज त्यांत अडकून राहतो. जे मागें राहतात तेहि पुष्कळदां अडचणीचें कारण समोरच्या जिवंत माणसांत शोधीत बसतात. स्पीकर बदलीत राहावें आणि वाट कोणीं वळविली हें पाहूंच नये, तसा हा प्रकार आहे.

पूर्ण निर्लेप होऊन जाणें मुक्तांसच साधत असेल. आपणां सामान्यांस तें साधणार नाहीं. आपण जेथें जेथें राहिलों तेथें कांहीं ना कांहीं उरणारच. परंतु त्याची यादी उंबऱ्याशीं ठेवून जाणें, तीवर आपली सही करणें, आणि आपल्या कामासाठीं ज्या वाटा आपण वळविल्या त्या पूर्ववत् करून जाणें, एवढें तरी कोणाहि प्रामाणिक माणसाच्या हातचें आहे.